‘लष्करी गरज’ ही युद्धाच्या कायद्यातली पळवाट आहे, की कायद्याचाच भाग?

विधी_विद्यार्थिनी, राजारामपुरी

नमस्कार. मी कोल्हापुरात विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विषयासाठी युद्धाच्या नियमांवर निबंध लिहायचा आहे आणि एका मुद्द्यावर मी गेले पंधरा दिवस अडून बसले आहे, म्हणून येथे विचारते.

गेल्या महिन्यात आम्ही घरची मंडळी पन्हाळ्याला गेलो होतो. चार दरवाजाची जागा दाखवताना वाटाड्याने सांगितले, की १८४४ साली गडकऱ्यांचा उठाव मोडून काढल्यावर इंग्रजांनी हा दरवाजा आणि तटबंदीचा बराच भाग पाडून टाकला. माझे मामा पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आहेत. ते शांतपणे म्हणाले, “त्यांच्या जागी मी असतो तर मीही पाडला असता. ज्या तटाआडून आज आपल्यावर गोळी आली, तो तट उद्यासाठी कोण शिल्लक ठेवील?” मला त्या वाक्याचा त्रास झाला, पण उत्तर सुचले नाही. घरी पोहोचेपर्यंत वाद पन्हाळ्यावरून साऱ्या युद्धांवर गेला. मामांचे म्हणणे असे, की गरजवंताला अक्कल नसते. लढणाऱ्याला जे करावेच लागते ते तो करणारच, आणि कायदा लिहिणाऱ्यांनाही हे ठाऊक असल्यामुळे त्यांनीच ‘लष्करी गरज असल्यास’ असे शब्द घालून दार उघडे ठेवले आहे.

मी मूळ तरतुदी काढून पाहिल्या आणि मामा अगदीच चुकीचे बोलत नाहीत असे दिसले. १९०७ च्या हेग नियमांतले २३ वे कलम म्हणते, की युद्धाच्या गरजेने अपरिहार्य केल्याखेरीज शत्रूची मालमत्ता नष्ट करू नये. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारातले ५३ वे कलम व्याप्त (परक्या सैन्याने ताब्यात घेतलेल्या) प्रदेशातील मालमत्तेबद्दल तेच सांगते आणि लष्करी कारवाईसाठी नितांत आवश्यक असल्यास सूट देते. सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी झालेल्या १९५४ च्या हेग करारातही ही सूट आहेच. हत्ती जाईल एवढे भगदाड ठेवून बांधलेल्या कुंपणाला कुंपण म्हणावे का? गरज होती की नव्हती हे ठरवायचे कोणी, रणांगणावरच्या अधिकाऱ्याने की वर्षांनंतर बसलेल्या न्यायालयाने? आणि पन्हाळ्याच्या तटाबद्दल मी मामांना काय सांगावे?

जुना_वकील, शाहूपुरी

तुमचा प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. तुमच्या मामांना माझा नमस्कार सांगा. ते जे म्हणतात ते एकेकाळी मोठमोठ्या कायदेपंडितांनी गंभीरपणे मांडलेले होते, आणि तो वाद शंभर वर्षे चालून निकाली निघाला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन लेखकांच्या एका गटाने ‘क्रीग्सरेझों’ नावाचा सिद्धान्त मांडला. युद्धाच्या रीती सामान्य परिस्थितीत पाळाव्यात, परंतु त्या पाळल्याने युद्धाचे उद्दिष्टच हुकणार असेल, तर गरज रीतींच्या वर जाते, असे त्याचे सार होते. ४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मनीचे चॅन्सेलर बेटमान-होलवेग यांनी संसदेत उभे राहून तटस्थ बेल्जियममध्ये सैन्य घुसवल्याचे समर्थन याच भाषेत केले: आम्ही अडचणीत आहोत आणि गरजेला कायदा नसतो. बेल्जियमवर अन्याय होत आहे हे त्यांनी त्याच भाषणात कबूल केले होते, हे विशेष. तुमच्या मामांच्या तोंडची म्हण आणि त्या चॅन्सेलरांचे वाक्य यांत फारसे अंतर नाही.

दुसरी परंपरा त्याहून जुनी आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, २४ एप्रिल १८६३ रोजी, लिंकन यांच्या सरकारने फ्रान्सिस लीबर या प्राध्यापकाने तयार केलेली १५७ कलमांची संहिता सैन्याला लागू केली. तिच्या १४ व्या कलमात लष्करी गरजेची व्याख्या आहे आणि तिला दोन पाय आहेत. युद्धाचे हेतू साध्य करण्यासाठी जे उपाय अपरिहार्य आहेत, आणि जे युद्धाच्या कायद्यानुसार व रीतींनुसार कायदेशीरही आहेत, त्यांनाच लष्करी गरज म्हणायचे. दुसरा पाय काढून घेतला की व्याख्या कोसळते. म्हणजे बेकायदा कृत्य गरजेच्या नावाने कायदेशीर होत नाही. ते बेकायदा असेल तर या अर्थाने ती ‘गरज’च नव्हे. १६ व्या कलमाने क्रौर्य, सूडापोटी दिलेली इजा, कबुलीसाठी केलेला छळ आणि विषाचा वापर हे सारे गरजेच्या कक्षेबाहेर ठेवले.

आता तुमच्या भगदाडाकडे वळू. ज्या कलमांत ‘गरज असल्यास’ हे शब्द आहेत तीच तुम्ही वाचली. ज्या कलमांत ते नाहीत तीही शेजारी ठेवून वाचा. शरण आलेल्याला मारू नये, कोणालाही अभय मिळणार नाही असे जाहीर करू नये, युद्धकैद्याचा छळ करू नये, ओलीस धरू नये, विषारी शस्त्र वापरू नये, यांपैकी एकाही नियमाला गरजेची पुस्ती जोडलेली नाही. ती विसरून राहिली असे समजू नका. लीबरच्या संहितेच्या ६० व्या कलमात अशी पुस्ती खरोखर होती: स्वतःचा बचावच अशक्य होत असेल आणि कैद्यांचे ओझे वाहता येत नसेल, तर सेनापतीला अभय नाकारण्याची मुभा होती. १८९९ च्या आणि पुढे १९०७ च्या हेग नियमांत अभय नाकारण्यास मनाई आली तेव्हा ही मुभा गेली. नियम लिहिणाऱ्यांनी सैन्याची गरज आणि माणसाचा जीव हे दोन्ही तराजूत घालून पाहिले, वजन केले, आणि मगच नियम लिहिला. जेथे गरजेला काही जागा द्यावी असे वाटले तेथे ती शब्दांत दिली, जेथे देऊ नये असे वाटले तेथे दिली नाही. त्या वजनमापानंतर सेनापतीने पुन्हा स्वतःचा तराजू काढणे म्हणजे एकाच वजनाचे पैसे दोनदा मागणे होय.

‘ठरवायचे कोणी’ या प्रश्नासाठी एकच खटला नीट वाचा, ‘होस्टेजेस’ (ओलीस) या नावाने ओळखला जाणारा, दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन सेनापतींवर चाललेला, न्यूरेंबर्ग येथील अमेरिकी लष्करी न्यायाधिकरणाचा. त्याचा निकाल १९ फेब्रुवारी १९४८ चा आहे. त्यात आरोपी असलेले जनरल लोथार रेंडुलिक १९४४ च्या शरद ऋतूत सोव्हिएत सैन्य मागे लागलेले असताना उत्तर नॉर्वेतून माघार घेत होते. त्यांनी फिनमार्क प्रांतातली घरे, बंदरे, पूल, सारे जाळले-उडवले आणि हजारो लोकांना सक्तीने हलवले. प्रत्यक्षात सोव्हिएत सैन्याने फार दूरवर पाठलाग केलाच नाही. म्हणजे मागाहून पाहता तो विध्वंस अनावश्यक होता. तरीही न्यायाधिकरणाने या एका आरोपातून त्यांना सोडले. त्या क्षणी, त्यांच्यापुढे असलेल्या माहितीवरून, निकडीची गरज आहे असे ते प्रामाणिकपणे मानू शकत होते का, हा न्यायाधिकरणाचा निकष होता. तुमच्या प्रश्नाचे उत्तर यात आहे: आधी अधिकारी ठरवतो आणि नंतर न्यायालय तपासते, मात्र न्यायालयाने अधिकाऱ्याच्या जागी उभे राहून, त्याला दिसत होते तेवढेच पाहून तपासायचे.

याच निकालाचे दुसरे पान फार लोक वाचत नाहीत. युगोस्लाव्हियात एका सैनिकाच्या बदल्यात अनेक नागरिकांना गोळ्या घालण्याचे सत्र चालले होते, त्याचेही समर्थन गरज म्हणूनच झाले. तेथे न्यायाधिकरणाने स्पष्ट सांगितले, की लष्करी गरज किंवा सोय ठाम नियमाच्या भंगाचे समर्थन करू शकत नाही. फील्ड मार्शल लिस्ट यांना जन्मठेप झाली आणि स्वतः रेंडुलिक यांना अन्य आरोपांवर २० वर्षांची शिक्षा झाली, जी पुढे १० वर्षांवर आणली गेली. मालमत्तेच्या नियमात गरजेला जागा होती म्हणून तो माणूस तेथे सुटला, आणि जीवाच्या नियमात ती जागा नव्हती म्हणून तोच माणूस तेथे अडकला.

पन्हाळ्याबद्दल माझे मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. १८४४ साली यांतला एकही लेखी करार अस्तित्वात नव्हता, त्यामुळे कायदेशीर निवाडा करता येणार नाही. पण आजची कसोटी लावून पाहिलीच, तर लढता किल्ला हे स्वभावतःच लष्करी लक्ष्य आहे. त्याची तटबंदी निकामी करणे, तीही पुन्हा वापरली जाण्याची रास्त भीती असताना, हे मामा म्हणतात त्याप्रमाणे गरजेत बसू शकते. फरक आज पडतो. २०२५ साली पन्हाळा जागतिक वारसा यादीत आला आहे, तेथे आता फौज नाही, आणि भारत १९५४ च्या करारात सामील आहे. आज कोणी त्या तटाला हात लावायचा म्हटले, तर त्याला अपरिहार्य गरज दाखवावी लागेल आणि रिकाम्या तटाबाबत ती दाखवता येणार नाही. तुम्हाला झालेला त्रास खरा आहे, पण तो परक्या राज्यकर्त्याने आपला गड मोडल्याचा आहे. ते दुःख वेगळे आणि हा कायदा वेगळा.

निवृत्त_सुभेदार, शिरोळ तालुका

मी पायदळात २६ वर्षे होतो. आमच्या भागात सैनिक टाकळीसारखी गावे आहेत, जेथे घरटी कोणी ना कोणी वर्दी घातलेली आहे. त्यामुळे हा विषय आमच्याकडे पारावरही निघतो. वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी तो जमिनीवर कसा दिसतो ते सांगतो.

लोक म्हणतात, सुक्याबरोबर ओलेही जळते. युद्धात ते जळते हे खरे आहे, आणि कायदाही ते नाकारत नाही. पण जाळणाऱ्याने आधी सुके कोणते आणि ओले कोणते हे पाहिले का, आणि सुक्याच्या मानाने ओले किती जळणार याचा अंदाज घेतला का, हे कायदा विचारतो. पहिल्याला भेदाचे तत्त्व म्हणतात आणि दुसऱ्याला प्रमाणाचे. आम्हाला वर्गात हे शिकवले गेले तेव्हा त्याचे चार-पाच साधे प्रश्न करून दिले होते आणि ते मला आजही पाठ आहेत. तेथे आत्ता काय आहे, काल काय होते ते नव्हे? ते मी स्वतः पाहिले की कोणी सांगितले? ते ठोकल्याने मला नक्की काय मिळणार? यापेक्षा लहान हत्याराने काम होईल का? आणि थांबलो तर काय गमावीन?

एक प्रसंग सांगतो. ठिकाण सांगत नाही. ते युद्ध नव्हते, शोधमोहीम होती, म्हणून कायद्याच्या दृष्टीने थोडा फरक आहे, पण प्रश्न तोच होता. गावाच्या कडेच्या एका घरातून अंधारात आमच्यावर फायर आला. आमच्याकडे रॉकेट लाँचर होता. दोन मिनिटांत घर आणि आतला माणूस दोन्ही संपले असते आणि कोणी आम्हाला दोष दिला नसता. तरुण अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, साहेब, चुलीचा धूर संध्याकाळी याच घरातून निघत होता. आम्ही घेरा टाकून उजाडेपर्यंत थांबलो. पहाटे त्या माणसाने निसटण्याचा प्रयत्न केला आणि त्या झटापटीत आमच्या एका जवानाच्या मांडीत गोळी लागली. घरातून मागाहून एक म्हातारी आणि तीन मुले बाहेर आली.

थांबण्याची किंमत असते हे मी लपवत नाही. पण रॉकेट मारणे ही आमची गरज नव्हती. ती आमची सोय होती. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या मोहिमेत, डिसेंबर १९४३ मध्ये, जनरल आयझेनहॉवर यांनी आपल्या सेनाधिकाऱ्यांना नेमके हेच लिहिले होते, की ‘लष्करी गरज’ हा शब्द कधी कधी अशा ठिकाणी वापरला जातो जेथे लष्करी सोय किंवा वैयक्तिक सोय म्हणणे अधिक खरे ठरेल. त्यानंतर दीड महिन्याने, १५ फेब्रुवारी १९४४ रोजी, मित्रराष्ट्रांनी मोंटे कासिनोचा प्राचीन मठ बॉम्ब टाकून उद्ध्वस्त केला. मठात आश्रय घेतलेले नागरिक मेले. जर्मन सैनिक मठाच्या इमारतीत नव्हते. ढिगारा झाल्यावर ते त्यात येऊन बसले आणि ढिगारा भिंतीपेक्षा चांगला आडोसा ठरला. लढाई मे महिन्यापर्यंत लांबली. गरज म्हणून केलेले काम कधी कधी गरजेच्याही उपयोगी पडत नाही, हे आम्हाला लढाईच्या दृष्टीनेच शिकवले जात असे.

१९७१ चेही सांगायला हवे. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि सैनिक व नागरिक मिळून सुमारे ९३ हजार लोक आपल्या ताब्यात आले. त्यांना खाऊ घालणे, राखणे, आजारपण पाहणे, पत्रे पोहोचवणे हे सारे आपल्या सैन्याने केले आणि १९७३ च्या दिल्ली करारानंतर त्यांना परत पाठवले. तेव्हा कैदी सांभाळण्याचा भार आपल्याला झेपत नाही, असे कोणी म्हटले नाही.

रोखठोक, इचलकरंजी

सर्वांचे लेखन आदराने वाचले, पण मला हे चित्र अपुरे वाटते. बळी तो कान पिळी हा जगाचा न्याय आहे आणि युद्धाचा कायदाही त्याला अपवाद नाही. न्यूरेंबर्गला हरलेलेच उभे केले गेले. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन जळाले, ६ आणि ९ ऑगस्टला हिरोशिमा व नागासाकी येथे अणुबॉम्ब पडले, आणि युद्ध लवकर संपवण्याची गरज हेच कारण सांगितले गेले. त्यासाठी कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले? जर्मन नौदलाचे प्रमुख डोनिट्झ यांच्यावर पाणबुडीयुद्धाचा आरोप होता, तेव्हा अमेरिकेच्या ॲडमिरल निमिट्झ यांनीच लेखी सांगितले, की पॅसिफिकमध्ये अमेरिकेनेही पहिल्या दिवसापासून अनिर्बंध (म्हणजे इशारा न देता व्यापारी जहाजेही बुडवणारे) पाणबुडीयुद्ध केले. मग न्यायाधिकरणाने त्या नियमभंगावर डोनिट्झ यांची शिक्षा बेतली नाही. दोघांनी मोडला की नियम नाहीसा होतो, एकाने मोडला की गुन्हा होतो, आणि तो एक नेहमी हरलेलाच असतो. विद्यार्थ्यांना हे न सांगता कलमे शिकवणे मला प्रामाणिक वाटत नाही.

जुना_वकील, शाहूपुरी

तुम्ही दिलेली उदाहरणे खरी आहेत आणि ती निबंधात यायलाच हवीत. विजेत्यांचा न्याय हा डाग धुऊन निघणारा नाही.

तरी दोन गोष्टी त्या डागाशेजारी ठेवा. डोनिट्झ यांच्याच नौदलातला हाइन्झ एक (Eck) हा पाणबुडीचा कप्तान घ्या. मार्च १९४४ मध्ये त्याने ‘पेलेउस’ हे ग्रीक मालवाहू जहाज बुडवले. मग तराफ्यांवर आणि तरंगत्या फळ्यांवर जीव धरून राहिलेल्या खलाशांवर मशीनगन चालवली, हातबॉम्ब टाकले. तरंगते अवशेष विमानांना दिसले असते तर पाणबुडीचा माग लागला असता, म्हणून हे करणे माझ्या बोटीच्या बचावासाठी गरजेचे होते, असे त्याचे म्हणणे होते. ते म्हणणे ब्रिटिश लष्करी न्यायालयाने फेटाळले आणि नोव्हेंबर १९४५ मध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. जहाज बुडवण्याच्या नियमाबाबत दोन्ही बाजूंचे हात बरबटलेले होते, म्हणून तो नियम दुबळा झाला हे खरे. पण पाण्यात तरंगणाऱ्या निःशस्त्र माणसाला मारू नये हा नियम दुबळा झाला नाही.

दुसरी गोष्ट जपानमधली. हिरोशिमा-नागासाकीच्या काही पीडितांनी आपल्याच सरकारविरुद्ध दावा लावला आणि ७ डिसेंबर १९६३ रोजी टोकियो जिल्हा न्यायालयाने निर्णय दिला, की तो बॉम्बहल्ला आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विरुद्ध होता. भरपाई मिळाली नाही, निर्णय राहिला. पुढे जिनिव्हा करारांना जोडलेल्या १९७७ च्या पहिल्या पूरक करारात (प्रोटोकॉलमध्ये) सबंध शहर हेच एक लक्ष्य समजून बॉम्बफेक करण्याला स्पष्ट मनाई आली. ती मनाई लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हीच जळालेली शहरे होती. आरोपी सुटले, पण त्यांची सबब पुढच्यांसाठी उरली नाही.

आपल्या देशाबद्दलही प्रामाणिक राहू. भारताने चारही जिनिव्हा करार स्वीकारले आणि त्यासाठी १९६० चा जिनिव्हा करार अधिनियम केला. संरक्षित व्यक्तीची हेतुपुरस्सर हत्या केल्यास त्यात देहदंडापर्यंत शिक्षा आहे. परंतु सरकारने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याखेरीज न्यायालय दखल घेऊ शकत नाही. पीडिताला थेट दार नाही. १९७७ च्या पहिल्या पूरक करारात भारत सामील नाही. ‘बळी तो कान पिळी’ बदलायचे असेल, तर ही दारे बदलावी लागतील.

मोडीवाचक, पन्हाळा रस्ता

मी कायद्याचा माणूस नाही. जुनी कागदपत्रे वाचतो. ताईंनी पन्हाळ्यापासून सुरुवात केली म्हणून एक भर घालतो, कारण या प्रश्नाचे एक अस्सल देशी उदाहरण आपल्याच करवीर राज्याच्या दफ्तराशी जोडलेले आहे.

रामचंद्रपंत अमात्य यांनी करवीरच्या संभाजी महाराजांच्या काळात, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, जे आज्ञापत्र लिहिले, त्यात आरमाराच्या प्रकरणात लाकडाचा विषय आहे. आरमार हा राज्याचा प्राण. त्याला तख्ते, सोट, डोलकाठ्या लागणारच. म्हणजे गरज अगदी खरी आणि लष्करी. तरीही अमात्य बजावतात, की आंबे-फणस ही झाडेही आरमाराच्या उपयोगाची असली तरी त्यांना हात लावू देऊ नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे जतन करून वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेलेच असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडून न्यावे. बलात्कार, म्हणजे जबरदस्ती, सर्वथा करू नये. कोणती गरज रयतेच्या अंगणात शिरू शकते आणि कोणती नाही, याची हद्द येथे किती बारकाईने आखली आहे ते पाहा.

शिवाजी महाराजांचे १६७३ चे चिपळूणच्या छावणीतील जुमलेदारांना लिहिलेले पत्र त्याच जातीचे आहे. दाणागोटा आत्ताच बेहिशेबी उधळला आणि पावसाळ्यात संपला, तर तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकर, गवत, पाला आणू लागाल आणि मग लोक म्हणतील की मोगल बरे. हा त्या पत्राचा रोख आहे. मला त्यातला विचार असा दिसतो, की लुटीची ‘गरज’ आकाशातून पडत नाही. ती आधीच्या बेफिकिरीतून तयार होते. जो सेनापती आपला रसदपुरवठा सांभाळत नाही, त्याला नंतर गरजेचे नाव घेण्याचा अधिकार कितपत उरतो?

मात्र यावरून आपल्याकडे सगळे आधीच होते, असा निष्कर्ष मी काढणार नाही. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालमध्ये जे केले, त्याची आठवण तेथल्या अंगाईगीतातही राहिली आहे. आज्ञापत्र आपले आहे, आणि तेही आपलेच आहे.

विधी_विद्यार्थिनी, राजारामपुरी

सर्वांचे मनापासून आभार. सुभेदारकाकांचे उत्तर मी मामांना मोठ्याने वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “सोय आणि गरज, हे बरोबर आहे.” पण त्यांचे दोन प्रश्न उरले आहेत.

पहिला असा: आमचे आजोळ राधानगरीच्या खाली, भोगावतीच्या काठी आहे. युद्धात धरण हे लक्ष्य ठरू शकते का? २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिल्यापासून हा विचार त्यांच्या मनातून जात नाही. दुसरा प्रश्न सुभेदारकाकांसाठी आहे: परक्या घरातल्या माणसांसाठी आपल्या जवानाने किती धोका पत्करावा, याचे माप कायद्यात आहे का?

जुना_वकील, शाहूपुरी

धरणाचे मी सांगतो. १६ आणि १७ मे १९४३ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी जर्मनीतली म्योने आणि एडर ही धरणे फोडली. रूरच्या कारखान्यांचे पाणी आणि वीज तोडणे हा हेतू होता. सुमारे १,३०० माणसे बुडून मेली आणि त्यांत जर्मनीने सक्तीने आणलेले शेकडो परदेशी मजूर होते, म्हणजे ज्यांच्या सुटकेसाठी युद्ध चालले होते त्यांतलेच. काही महिन्यांत म्योनेची भिंत पुन्हा उभी राहिली. १९७७ च्या पहिल्या पूरक कराराचे ५६ वे कलम म्हणते, की धरण, बंधारा आणि अणुवीजकेंद्र लष्करी लक्ष्य ठरत असले तरी, त्यावरील हल्ल्याने नागरिकांची मोठी हानी होणार असेल, तर हल्ला करू नये. अपवाद ठेवला आहे, पण फार अरुंद. भारत व पाकिस्तान दोघांनीही हा पूरक करार स्वीकारलेला नाही. तरी भेदाचे आणि प्रमाणाचे तत्त्व प्रथेने सर्वांवर बंधनकारक आहे, आणि खोऱ्यातली गावे डोळ्यांपुढे ठेवून हिशेब केला, तर बहुतेक धरणे त्या हिशेबातच वाचतात.

अणुकेंद्रांबाबत मात्र या दोन देशांत स्वतंत्र करार आहे. ३१ डिसेंबर १९८८ रोजी तो झाला आणि दर वर्षी १ जानेवारीला दोघे आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. १९९२ पासून त्यात खंड पडलेला नाही, कारगिलनंतरच्या जानेवारीतही नाही. धरणांसाठीही असा करार व्हावा, असे मला फार वाटते.

निवृत्त_सुभेदार, शिरोळ तालुका

हवालदारसाहेबांना रामराम. माप कायद्यात नाही. कायदा ‘शक्य ती सर्व खबरदारी’ असे म्हणतो, आणि त्या रात्री, त्या माणसांनिशी, त्या हत्यारांनिशी काय शक्य आहे ते तेथे उभा असलेला माणूस ठरवतो. जवानाला मरायला पाठवा असे कायदा म्हणत नाही. पण धोका शून्य करण्यासाठी सगळा धोका घरातल्या मुलांवर ढकला, असेही म्हणू देत नाही. या दोन टोकांच्या मध्ये बरीच मोठी जागा आहे आणि त्या जागेत मी पुष्कळदा चुकलोही असेन.

त्या रात्री ज्याच्या मांडीत गोळी लागली तो जवान चंदगडकडचा. चार महिने इस्पितळात होता. मी भेटायला गेलो तेव्हा त्याने पहिल्यांदा विचारले, “उस्ताद, रॉकेट का नाही मारले?” मी त्याला म्हातारीचे आणि मुलांचे सांगितले. तो म्हणाला, “हे तेव्हा तुम्हाला ठाऊक होते का?” नव्हते, मला फक्त चुलीचा धूर ठाऊक होता. तेवढ्यावर थांबायला लावणे बरोबर होते असे मी त्याला म्हणालो आणि आजही म्हणतो. त्याला ते पटले की नाही, हे मी अजून विचारलेले नाही.